बर्फावरची सुगी

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून कित्येकांना तो चमत्कारिक वाटला असेल. वैशाखाच्या या उकाड्यात, जेथे बर्फ म्हणजे सरबताच्या गाडीवरचा किंवा लग्नघरच्या पिंपातला एवढाच ठाऊक, तेथे एका कामगार कार्यकर्त्याने उठून बर्फावर घसरायला शिकवणाऱ्या शाळांचा इतिहास सांगावा, हे जरा विसंगत दिसते खरे. पण आम्हांला बर्फापेक्षा त्यावर राबणाऱ्या माणसात अधिक रस आहे. ज्या धंद्याची सुगी वर्षातून सहा आठवडे आणि पोट मात्र बावन्न आठवड्यांचे, त्या धंद्यात काम कसे वाटावे, मजुरी कशी ठरावी आणि गर्दीचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न आपल्या ऊसतोडणी कामगारांना किंवा गणपतीच्या दिवसांत कोकणच्या जादा गाड्या चालवणाऱ्या एस. टी. च्या चालक-वाहकांना समजावून सांगावा लागत नाही. तोच प्रश्न युरोपातल्या आल्प्स पर्वतात शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला. तेथील माणसांनी त्याला जी उत्तरे दिली, ती आमच्यासारख्यांनी नीट पाहून ठेवावीत अशी आहेत.

स्की म्हणजे पायाला बांधावयाच्या दोन लांब, अरुंद फळ्या. नॉर्वेसारख्या उत्तरेकडच्या देशांत बर्फातून वाट काढण्याचे ते शेकडो वर्षांचे साधन. शिकारी, टपालवाला, सैनिक, सगळे ते वापरीत. तेथे त्याची शाळा नव्हती, कारण मूल ते चालण्यासारखेच घरी शिके. शाळेची गरज पडली ती आल्प्समध्ये. तेथले उतार तीव्र, आणि शिकायला येणारा मनुष्य शहरातला, ज्याच्या हाती सुटीचे मोजके दिवस असत असा. ऑस्ट्रियातील लिलियनफेल्डजवळ राहणाऱ्या माथियास झ्दार्स्की याने 1896 च्या सुमारास तीव्र उतारावर वळण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली आणि शेकडो लोकांना ती मोबदला न घेता शिकवली. हा गृहस्थ शिस्तीचा मोठा भोक्ता होता. पण फुकट शिकवणाऱ्याच्या मागे धंदा उभा राहत नाही. धंदा उभा राहिला तो आर्लबर्ग खिंडीपाशी, सेंट आन्टोन या खेड्यात.

या खेड्याचे नशीब 1884 साली उघडले. त्या वर्षी आर्लबर्गचा रेल्वे बोगदा पुरा होऊन गाड्या सुरू झाल्या. खिंडीवरून घोडागाड्यांची जी ये-जा होती ती बसली, आणि तिच्यावर जगणाऱ्या वाटेवरच्या वस्त्या ओस पडू लागल्या. पण सेंट आन्टोनला स्थानक मिळाले. उन्हाळ्यात पाहुणे येऊ लागले. हिवाळ्यात मात्र खोल्या रिकाम्या. तेव्हा पोस्ट हॉटेलचे मालक कार्ल शूलर यांनी 1907 साली शेजारच्या श्टुबेन गावचा एक सतरा वर्षांचा मुलगा पाहुण्यांना स्की शिकवण्यासाठी पगारी ठेवला. त्याचे नाव हान्नेस श्नायडर. 1890 च्या जून महिन्यातला त्याचा जन्म. त्याच महिन्याच्या 10 तारखेला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, पण सुटीचा इतिहास वाचताना आमच्या डोळ्यांना अशा तारखा आपोआप दिसतात.

श्नायडर प्रथम हॉटेलचा नोकर होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्की-शाळेचा जन्म खेळाडूंच्या मंडळात झाला नाही. रिकाम्या खोल्या भरण्याच्या गरजेतून तो झाला. पाच-दहा पाहुण्यांना शिकवणे ही एक गोष्ट, आणि रेल्वेतून उतरणाऱ्या शेकड्यांना शिकवणे ही दुसरी. ती दुसरी विद्या श्नायडरला पहिल्या महायुद्धाने दिली. ऑस्ट्रियाच्या पहाडी पलटणींना स्की शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. पलटणीतला जवान हौसेने आलेला नसतो आणि वेळ तर मुळीच नसतो. अशा पुष्कळ माणसांना थोड्या दिवसांत पायावर उभे करायचे, तर त्यांची सारख्या कुवतीची टोळकी पाडावी लागतात, प्रत्येक टोळक्याला एकच ठरलेला धडा द्यावा लागतो, आणि धडा जमला की पुढच्या टोळक्यात ढकलावे लागते. युद्ध संपल्यावर सेंट आन्टोनला परतून त्याने हीच रीत पाहुण्यांना लावली. 1920 नंतरच्या दशकात त्याची शाळा युरोपभर गाजली. आर्नोल्ड फांक या दिग्दर्शकाच्या चित्रपटांतून तो लोकांना दिसला, आणि 1930 साली जपानने त्याला शिकवण्यासाठी बोलावून नेले.

त्या रीतीचे मर्म असे. नवशिक्याने आधी फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून, गुडघे वाकवून सावकाश उतरावे. बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगरासारखा तो आकार दिसतो, म्हणून त्याला नांगर हेच नाव पडले. त्याने वेग हातात राहतो. मग त्याच स्थितीत एका पायावर भार देऊन वळणे, मग वळता वळता फळ्या जुळवणे, आणि शेवटी वेगाने जुळल्या पायांनी वळणे. पायऱ्या ठरलेल्या, क्रम ठरलेला, आणि शाळेतला प्रत्येक शिक्षक तेच, त्याच क्रमाने शिकवणार. सोमवारी एकाच्या हाताखाली सुरू झालेला विद्यार्थी बुधवारी दुसऱ्याच्या हाती गेला तरी कोठे अडत नाही.

कारखान्यात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्याला ही रीत ओळखीची वाटते. काम लहान लहान क्रियांत फोडले, प्रत्येक क्रिया ठरवून दिली, की उत्पादन वाढते. त्याचबरोबर करणारा माणूसही बदलता येतो. पूर्वीच्या वाटाड्याची विद्या त्याच्या अंगात असे, आणि तो गेला की ती जाई. आता विद्या शाळेची झाली, शिक्षक तिचा वाहक झाला. गर्दी सामावली ती या एका युक्तीने. तिने हजारो सामान्य माणसांना उतार खुले केले यात शंका नाही. पण त्याच युक्तीने शिक्षकाला मालकापुढे दुबळेही केले, आणि पुढे ज्या देशात शिक्षकांनी ही ठरलेली पद्धत व तिची परीक्षा आपल्या संघटनेच्या हाती घेतली, त्याच देशात त्यांची मान ताठ राहिली. तो देश फ्रान्स. त्याकडे येण्यापूर्वी श्नायडरचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे.

1938 च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि लगेच श्नायडरला अटक झाली. गावातल्या नाझींशी त्याचे पटत नव्हते हे सर्वांना ठाऊक होते. पुढे त्याला जर्मनीत गार्मिश येथे स्थानबद्ध ठेवले. अमेरिकेतील हार्वे गिब्सन या बँकवाल्याने खटपट केली, आणि 1939 च्या फेब्रुवारीत श्नायडर न्यू हॅम्पशायर संस्थानातील नॉर्थ कॉनवे या गावी उतरला. शाळेतल्या मुलांनी स्कीच्या काठ्यांची कमान धरून त्याचे स्वागत केले. सेंट आन्टोनला पाहुणे आणण्यासाठी आयुष्य वेचलेला दुसरा गृहस्थ रुडोल्फ गोम्पर्झ. तो जन्माने ज्यू. त्याला कोणी कमान धरली नाही. 1942 साली त्याला पूर्वेकडे नेऊन माली त्रोस्तिनेत्स येथे ठार मारण्यात आले. ज्या गावाची भरभराट त्याने केली, तेथून त्याला असे जावे लागले. श्नायडर 1955 साली अमेरिकेतच वारला.

आता फ्रान्स. तेथील गर्दीचा उगम बर्फात नसून संपात आहे. 1936 च्या मे-जून महिन्यांत फ्रान्सच्या कारखान्यांतून कामगार ठिय्या देऊन बसले, आणि 20 जून 1936 च्या कायद्याने त्यांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. 1956 साली तिसरा आठवडा, 1969 साली चौथा, 1982 साली पाचवा. हा पाचवा आठवडा सर्वसाधारणपणे उन्हाळ्याच्या मोठ्या सुटीला जोडून घ्यायचा नसतो, म्हणजे वर्षात दुसऱ्या कोणत्या तरी वेळी घ्यायचा. साहजिकच पुष्कळांनी तो मुलांच्या हिवाळी सुटीत घातला. 1953 साली पॅरिसला लागून असलेल्या वांव गावातील एका शाळेचा वर्गच्या वर्ग, मास्तर आणि पाट्या-पुस्तकांसह, पहाडात हलवण्यात आला. सकाळी अभ्यास, दुपारी बर्फ. पुढे हे 'बर्फवर्ग' देशभर पसरले आणि ज्यांच्या बापाला कधी पहाड दिसला नव्हता अशी मुले स्कीवर उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर 1946 पासून साव्हॉय जिल्ह्याच्या लोकनियुक्त मंडळाने कूर्शव्हेल हे गाव स्कीसाठी मुद्दाम वसवले ते सार्वजनिक पैशाने. आज ते गाव धनिकांचे म्हणून ओळखले जाते, हा दैवदुर्विलास. आणि खरे सांगायचे तर आजही फ्रान्समधील बहुसंख्य कामगार स्कीला जात नाहीत. खर्च परवडत नाही.

तरीही जे जातात ते एकाच वेळी जातात. मुलांना सुटी एकदम लागते, म्हणून आईबाप एकदम निघतात. नाताळचे दोन आठवडे आणि फेब्रुवारी-मार्चमधले चार, ही या धंद्याची सुगी. फेब्रुवारीची गर्दी फुटावी म्हणून 1970 च्या दशकाच्या आरंभी सरकारने देशाचे तीन विभाग पाडले. प्रत्येकाला दोन आठवडे सुटी, पण सुरुवात एकेका आठवड्याच्या फरकाने. म्हणून दोनाचे चार आठवडे झाले. एका देशाच्या सर्व शाळांचे वेळापत्रक डोंगरातल्या हॉटेलांच्या सोयीने हलावे, हे पाहून कोणा शिक्षकाच्या कपाळाला आठी पडली तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण डोंगरातल्या शिक्षकाला त्या दोन जादा आठवड्यांचा आधार झाला हेही खरे.

या सुगीतला एक दिवस डोळ्यांपुढे आणून पाहा. घरे शनिवार ते शनिवार भाड्याने दिली जातात. म्हणून शनिवारी जुने पाहुणे उतरतात आणि नवे चढतात, आणि खोऱ्यातल्या एकुलत्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. रविवारी किंवा सोमवारी सकाळी सगळी नवी मुले शाळेच्या निशाणाखाली हजर. आईबापांनी नाव नोंदवताना मुलाची पायरी सांगितलेली असते, आणि आईबापाने सांगितलेली पायरी बहुधा एक इयत्ता वरची असते. जगातल्या कोणत्याही शाळेत हे असेच. तेव्हा अनुभवी शिक्षक बोलत बसत नाही. लहानशा उतारावरून एकेकाला चार वळणे घेऊन दाखवायला सांगतो. पहिल्या दोन वळणांतच त्याला कळते. मग हे पोर खालच्या टोळीत, ते वरच्या. एका शिक्षकाने बारा मुले घेऊन जायचे आणि दुसऱ्याकडे पाच उरायची, असे झाले तर टोळ्या पुन्हा मोडायच्या. धडा दोन तासांचा. या वाटणीत अर्धा तास गेला तर चौथाई धडा बुडाला, आणि पैसे तर सबंध धड्याचे घेतलेले. म्हणून ज्या शाळेची वाटणी दहा मिनिटांत होते ती चांगली शाळा, असे आम्ही समजतो. बाकी जाहिरातीत काय लिहायचे ते लिहावे.

मग उतारावर. शिक्षक पुढे, मुले त्याच्या मागे सापासारखी. एक पडले की सगळी थांबली. आठ मुलांची टोळी चालते, बारांची टोळी उभी राहते. कोणाचा हातमोजा हरवतो, कोणाला शू लागते, आणि ती सोडवायची तर अंगावरचे चार थर काढावे लागतात. वर नेणाऱ्या रज्जुमार्गाच्या पाळण्यात लहान मुलाला एकटे बसवता येत नाही. चौघांच्या पाळण्यात शिक्षक एक आणि मुले आठ, तर उरलेल्या मुलांनी कोणाबरोबर बसायचे? शिक्षक रांगेतल्या अनोळखी पाहुण्यांना विनंती करतो, आणि ते एकेक मूल शेजारी घेऊन वर जातात. त्या विनंतीवर कितीतरी शाळांचा गर्दीचा कारभार चालतो. कोणत्याही नियमावलीपेक्षा आम्हांला ही गोष्ट मोठी वाटते. वर पोचल्यावर मोजणी. एक कमी भरले तर त्या क्षणी शिक्षकाच्या पोटात काय होत असेल याची कल्पना सहल नेलेल्या कोणत्याही मास्तरांना येईल. शुक्रवारी परीक्षा, आणि उत्तीर्णांच्या छातीवर पदक. अस्वलाचे पिल्लू, हिमकण, पहिला तारा, दुसरा तारा, अशी पायऱ्यांची गोड नावे आहेत. पदकाची पायरी पुढच्या वर्षीच्या वाटणीला उपयोगी पडते, आणि मूल त्या पदकासाठी पुढच्या वर्षी परत येते. श्नायडरची पलटणी रीत अशी बाळबोध झाली.

या व्यवस्थेत नंतर एक नवा पाहुणा शिरला, तो म्हणजे स्नोबोर्ड. 1965 साली अमेरिकेत शेर्मन पॉपेन याने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक फळी केली. 1977 पासून जेक बर्टन याने तिचा कारखानाच काढला. बरीच वर्षे कित्येक डोंगरांवर तिला बंदी होती. 1998 साली नागानो येथील ऑलिंपिकमध्ये ती आली आणि वाद मिटला. पण शाळेची पंचाईत वाढली. दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेला नवशिका पहिल्या दिवशी उभा कमी राहतो आणि बसतो जास्त. त्याला स्कीवाल्यांच्या टोळीत घेता येत नाही, त्याला उतार वेगळा, शिक्षक वेगळा. ज्याला दोन्ही येते तो शिक्षक गर्दीच्या दिवसांत सोन्याचा.

हा सगळा कारभार फ्रान्समध्ये बव्हंशी कोण चालवतो? शिक्षकांचा संघ. 1945 साली फ्रेंच स्की-शिक्षकांनी आपला राष्ट्रीय संघ स्थापला आणि त्या संघाच्याच छत्राखाली 'फ्रेंच स्की शाळा' उभी राहिली. तांबडा स्वेटर ही तिची खूण. 1948 साली कायदा होऊन हा व्यवसाय प्रमाणपत्राखाली आला. शामोनीच्या राष्ट्रीय विद्यालयात शिक्षण घेऊन परीक्षा दिल्यावाचून पैसे घेऊन शिकवता येत नाही. आज सुमारे सतरा हजार शिक्षक या संघात आहेत आणि दोनशेहून अधिक गावांत त्यांच्या शाळा आहेत. शाळेला मालक नाही. शिक्षक स्वतंत्र व्यावसायिक. नोंदणी शाळेत होते, काम शाळा वाटते, खर्चापुरता भाग कापून बाकी पैसा शिक्षकाचा. शाळेचा प्रमुख शिक्षकच निवडतात. आम्ही पुष्कळ संघटना पाहिल्या. मालकाशी भांडणाऱ्या पाहिल्या, मालकाशी जमवून घेणाऱ्याही पाहिल्या. पण मालकाची खुर्चीच काढून टाकून काम वाटण्याचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेणारी संघटना विरळा.

ते ओझे हलके नाही. सुगीच्या आठवड्यांत प्रश्न नसतो. सगळे कामावर, शिवाय अर्धी परीक्षा झालेले उमेदवारही हाताशी घ्यावे लागतात. प्रश्न उभा राहतो तो सुगी सरल्यावर. काम दहा जणांचे, माणसे तीस. मालक असता तर त्याच्या नावाने खडे फोडता आले असते. येथे यादी आपल्याच भावाने केलेली. वर कोणाचे नाव? जुन्याचे? बारा महिने गावात राहणाऱ्याचे? इंग्रजी बोलणाऱ्याचे? की ज्याच्या घरी कच्चीबच्ची आहेत त्याचे? 2010 नंतर हा वाद पेटला. निवृत्तीच्या वयाला पोचलेल्या शिक्षकांनी काम कमी घ्यावे आणि तरुणांना जागा द्यावी असा नियम संघाने केला. काही ज्येष्ठ न्यायालयात गेले, हा वयावरून केलेला भेदभाव आहे असे त्यांचे म्हणणे. अखेर 2016 च्या डिसेंबरात झालेल्या पर्वतीय प्रदेशाच्या कायद्यात अशा वाटणीला जागा करून देण्यात आली. आमच्या मते तरुणाला जागा हवी हे खरे, पण ज्येष्ठाला विचारल्याशिवाय ती काढून घेणे संघाला शोभत नाही. दुसरेही एक उणे आहे. उमेदवारांच्या अंगावर सुगीचा मोठा भार पडतो, आणि शाळेच्या कारभारात त्यांचा आवाज मात्र बारीक असतो. पाळणे चालवणारे, खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणारे हे तर या संघाच्या बाहेरच. ते पगारी हंगामी कामगार, त्यांची भांडणे वेगळी.

सुगी ही हंगामी कामगाराची एकच ताकद, हे अलीकडे अमेरिकेत दिसले. तेथे कंपन्यांचे डोंगर आहेत आणि शाळाही कंपनीची. शिक्षक तासावर कामाला, आणि सकाळी रांगेत उभे राहून वर्ग मिळाला नाही तर कित्येक ठिकाणी पूर्ण दिवसाचा पगारही नाही. त्या देशात यूटा संस्थानातील पार्क सिटी या मोठ्या डोंगरावरच्या सुमारे दोनशे गस्तवाल्यांनी 27 डिसेंबर 2024 रोजी, नाताळच्या ऐन गर्दीत, संप पुकारला. हे शिक्षक नव्हेत. जखमींना उतरवणारे आणि हिमलोटाचा धोका काढणारे हे लोक. सुरुवातीचा दर तासाला 21 डॉलरवरून 23 व्हावा ही त्यांची मुख्य मागणी. गस्त नाही म्हणून बहुतेक उतार उघडता येईनात, आणि पाळण्यांपाशी तासन्‌तास रांगा लागल्या. रांगेत उभी असलेली माणसे चिडली, पण त्यांतल्या पुष्कळांनी संपनिधीत पैसेही टाकले. 8 जानेवारी 2025 रोजी करार झाला आणि ते दोन डॉलर मिळाले.

या संपाविषयी आमचे मन अगदी निःशंक नाही. वर्षभर पैसा साठवून मुलांना घेऊन आलेला मनुष्यही मजूरच असू शकतो, आणि त्याची सुटी परत येत नाही. पण जानेवारीच्या मधल्या, रिकाम्या आठवड्यात हाच संप झाला असता तर कंपनीने तो वाऱ्यावर सोडला असता, हेही आम्ही या धंद्यात तीस वर्षे घालवल्यामुळे जाणतो. फ्रान्समधल्या शिक्षकाला मात्र हे हत्यार नाही. सुगीतला संप म्हणजे त्याने स्वतःच्याच ताटात माती कालवणे, कारण ताट वाढणारा तोच.

आणि हे ताट लहान होत चालले आहे. हवा तापते आहे, कमी उंचीच्या गावांना बर्फ उशिरा आणि तुटपुंजा मिळतो. यंत्राने बर्फ करायचा तरी थंडी हवीच. दक्षिण आल्प्समधील ल ग्राँ प्युई या लहान केंद्राच्या गावकऱ्यांनी 2024 च्या ऑक्टोबरात मतदान करून आपले पाळणे बंद केले. जेथे बर्फ टिकतो तेथे त्यामुळे गर्दी अधिक, आणि तीही तेवढ्याच आठवड्यांत.

नववर्षाचा पहिला आठवडा संपतो, शनिवारी मोटारी खाली उतरतात, आणि सोमवारी सकाळी शाळेच्या खोलीत तांबडे स्वेटर जमतात. फळ्यावर यादी लागलेली असते. ज्यांची नावे आहेत ते बूट चढवतात. बाकीच्यांतला कोणी सुतारकामावर जातो, कोणी गोठ्याकडे वळतो, आणि कोणी फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारला किती दिवस उरले ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मोजतो.